होणे म्हणजे काय होणे

पत्र अभिनंदनाचं होतं, आणि म्हणूनच श्रीहरी सकाळपासून खुर्चीला पाठ टेकू शकला नव्हता.

हुदलीकर कास्टिंग्जला एकेचाळीस वर्षांत पुष्कळ पत्रं आली होती. मागण्या आल्या, नोटिसा आल्या, एकदा घरच्याच एका जावयाचं निनावी पत्र आलं आणि अक्षरावरून सगळ्यांनी ते ओळखलं. पण एका अख्ख्या गावाने एकमताने ठराव करून आभार मानायची ही पहिलीच वेळ. निंबिहाळ ग्रामपंचायतीने कन्नडमध्ये लिहिलं होतं, की गावच्या पाण्याला आपली कंपनीच जबाबदार आहे, हे आपण होऊन, कोणी न विचारता, चार फूट रुंद पाटीवर रंगवून दिल्याबद्दल पंचायत कंपनीची ऋणी आहे. इतका सरळपणा हल्ली कुठे दिसत नाही. तरी दगडाच्या खाणीत टाकलेली वाळू केव्हा उचलणार आणि तिन्ही विहिरी केव्हा उपसून देणार, एवढं कळवावं. अध्यक्षा यमुनाबाई गावडे रविवारी दुपारी चार वाजता तारिहाळला कारखान्यात समक्ष येतील. चहाची तसदी घेऊ नये.

सोबत पाटीचा फोटो होता. फोटोत पाटीखाली गावातले म्हातारे ओळीने उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, निवडणुकीचा निकाल लागल्यावर असतं तसं, समाधान होतं.

म्हणून रविवारी, भट्ट्या थंड असताना, सगळे हुदलीकर कारखान्याच्या सभागृहात जमले. टेबल बारा जणांचं होतं, एका बुडालेल्या पतपेढीच्या लिलावात घेतलेलं. संचालक चार. अध्यक्ष बाळाचार्य, म्हणजे अण्णा, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या पत्नी वेणूबाई, ज्यांना आपण संचालक आहोत हे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी कळलं होतं. मुलगी श्यामला, धारवाडला वकिली करणारी. आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान श्रीहरी, जो कारखाना चालवत होता आणि या घडीला टेबलाभोवती चालत होता. पाचवी होती श्रीहरीची मुलगी वेदश्री. ती संचालक नव्हती. ती कंपनीचा सामाजिक विभाग होती. त्या विभागात ती आणि एक कपाट एवढंच होतं.

"बस की रे," श्यामला म्हणाली. "तू फिरतोस आणि माझी मान दुखते."

"अक्का, चार वाजता ती बाई येणार. तुला मानेचं पडलंय."

तिसरी फेरी घालताना श्रीहरीने पुन्हा एकदा हिशोब मांडला, पैशाचा नव्हे, जागेचा. मागच्या अंगणात नवी विजेची भट्टी बसायची होती. पाया आखून झाला होता. खाणीतली आठ वर्षांची वाळू परत आणायची म्हटली तर ती त्याच पायावर येऊन बसणार, कारण दुसरी जागाच नव्हती. ओतकामाला साचे लागतात, साच्यांना वाळू लागते, वाळू धरून ठेवायला चिकट रसायन लागतं, आणि एकदा वितळलेलं लोखंड ओतलं की ती वाळू कुणाच्या कामाची राहत नाही. मग ती कुठेतरी टाकावी लागते. 'कुठेतरी' हा ओतकामाच्या धंद्यातला फार सोयीचा पत्ता आहे. आठ वर्षांपूर्वी तो निंबिहाळच्या मागच्या सोडून दिलेल्या खाणीत सापडला. तीन वर्षांपासून गावच्या विहिरींना दवाखान्याचा वास येऊ लागला. तेव्हा कंपनीने सांगितलं होतं, की हा खडकाचा गुण असावा.

आणि मग कंपनी चांगली झाली.

त्याची हकिगत अशी. गेल्या वर्षी नफ्याने कायद्याची रेघ ओलांडली आणि नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करणं भाग पडलं. ही बातमी पसरताच हुदलीकरांच्या घरात एकदम समाज वाढला. एका मामेभावाला कीर्तन महोत्सवात समाज दिसला, एका व्याह्यांना स्वतःच्या सोसायटीच्या बागेत दिसला. बेंगळूरहून बोलावलेल्या सल्लागाराने तीन तास भाषण करून सांगितलं, की कुठलंही काम करा, पण फोटो आडवा काढा. शेवटी वेदश्रीने निंबिहाळमध्ये पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचं ठरवलं. नाणं टाकलं की वीस लिटर पाणी. श्रीहरीला ते पटलं. गावात वास आहेच, तर तिथे यंत्र शोभेल, असं तो म्हणाला होता. आता ते वाक्य आठवून त्याला मान खाली घालावीशी वाटत होती, पण चालताना मान खाली घातली की टेबल लागतं.

राहता राहिली पाटी. ती अण्णांनी लिहिली.

---

श्यामलाला सगळ्यात जास्त राग होता तो व्याकरणाचा. सल्लागाराने पाटीचा मजकूर पाठवला होता: 'सांस्थिक सामाजिक होणेगारिके अडियल्लि', म्हणजे संस्थेच्या सामाजिक जबाबदारीअंतर्गत. साधा, सरकारी, कुणाला न समजणारा मजकूर. असल्या मजकुरामुळे जगात कधीही कुणाचं नुकसान झालेलं नाही. पण अण्णांनी चष्मा लावला. अण्णांच्या डोळ्यांपुढून जाणाऱ्या कन्नडला सुटका नव्हती. हायस्कुलात असताना, मराठी घरातला पोरगा असून, ते कन्नड निबंधात जिल्ह्यात पहिले आले होते, आणि तेव्हापासून गेली साठ वर्षं ते बक्षीस घेतच होते. लग्नपत्रिका आली की ते आहेराबरोबर शुद्धलेखन दुरुस्त करून पाठवायचे.

"अडियल्लि म्हणजे काय? खाली," त्यांनी म्हटलं होतं. "जबाबदारीच्या खाली कोण सापडलंय? कुणी चिरडलंय का?"

आणि त्यांनी स्वतः ओळ बेतली. नीट आठवून, पेन्सिलीने, मात्रा मोजून: 'निंबिहाळद नीरिगे हुदलीकर कंपनिये होणे.' कानाला गोड होती. बसमध्ये लिहिलेलं असतं, सामानाला प्रवासीच होणे, त्या चालीवरची. मराठी माणसाला होणे म्हटलं की काहीतरी घडतंय असं वाटतं. कन्नडमध्ये होणे म्हणजे जबाबदार, जामीन, ज्याची मान धरायची तो. अण्णांना म्हणायचं होतं, पाण्याची काळजी आम्ही वाहतो. लिहिलं गेलं, पाण्याला आम्हीच कारण. त्यातही 'कंपनि होणे' यावर भागलं असतं. पण मात्रा कमी पडत होती म्हणून त्यांनी 'ये' घातला, म्हणजे आपला 'च'. त्या एका 'च'मुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची वाटही बुजली होती.

रंगाऱ्याने रंगवलं. श्रीहरीने फीत कापली, आडवा फोटो काढला. गावाने वाचलं.

"हे बघ," श्यामला म्हणाली, "घाबरायचं कारण नाही. मी खुलासा करून आणलाय."

कंपनीच्या शिक्क्याच्या कागदावर तो कन्नडमध्ये टाइप केलेला होता. तिने मोठ्याने वाचला आणि मराठीत अर्थ सांगितला. अध्यक्ष बाळाचार्य हुदलीकर असं लिहून देतात, की पाटीवरचं वाक्य मी कन्नडच्या अल्प ज्ञानामुळे चुकीचं लिहिलं आहे, 'कन्नडद अल्पज्ञानदिंद तप्पागि बरेदिद्देने', सबब त्यावरून कसलीही जबाबदारी काढू नये. खाली सही. सोमवारी पाटी बदलायची.

श्रीहरी प्रथमच थांबला. किती सोपं होतं. मराठी घरातला म्हातारा माणूस, परभाषा, चूक झाली. यावर कोण काय बोलणार?

अण्णांनी कागदाकडे पाहिलंही नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते. तिथे पाहण्यासारखं गंजलेल्या पिंपांशिवाय काही नव्हतं.

"अल्प," ते म्हणाले.

"वकिली शब्द आहे, अण्णा. मनाला लावून घेऊ नका."

"अल्प म्हणजे किती?"

पंचवीस वर्षांच्या वकिलीत श्यामलाला एवढं कळलं होतं, की अशील शब्दाचा अर्थ विचारू लागला की कागद लगेच पिशवीत ठेवावा. पण चार वाजायला पावणेदोन तास होते आणि वेणूबाईंनी डबे उघडले होते.

---

वेदश्रीला भूक नव्हती. तिच्यासमोर भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णेगाई आणि शेंगाचटणी वाढलेली होती, आणि ती वांग्याचे देठ ताटाच्या कडेला ओळीने मांडत होती.

फेब्रुवारीत तिने तिन्ही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला पाठवलं होतं. अहवाल आला. वासाचं कारण खडक नव्हता. ज्या रसायनाने हुदलीकरांची वाळू चिकटते तेच पाण्यात होतं. तिने अहवाल बाबांना दिला. बाबांनी तो वाचला, अक्षर चांगलं आहे असं काहीतरी म्हणाले, आणि खणात ठेवला. तेव्हापासून बाबांच्या खोलीत गेली की ती त्या खणाकडे पाठ करून बसायची. आज तिने त्याची प्रत पिशवीत आणली होती. आणायची हिंमत झाली होती, काढायची होत नव्हती.

यंत्राच्या उद्घाटनाच्या दिवशी यमुनाक्काने तिला बाजूला घेतलं होतं. यमुनाक्काचं माहेर अळणावरकडचं, घरी मराठी बोलणारं, म्हणून ती वेदश्रीशी मराठीतच बोलायची. "पोरी, यंत्र चांगलंय," ती म्हणाली होती. "पन वाळूचं काय?" आणि वेदश्री म्हणून गेली होती, "मी बघते." ते दोन शब्द तिने त्या वेळी सहज उच्चारले होते. आता ते तिला झोपू देत नव्हते.

बाबा जेवतानाही उभेच होते. हातात भाकरीचा तुकडा घेऊन ते तिच्याशेजारी येऊन थांबले आणि हळू आवाजात तिला समजावू लागले, की आज अज्जांनी, म्हणजे अण्णांनी, सही केली की प्रकरण मिटतं. पुढच्या वर्षी सामाजिक खर्चातून खाण साफ करू, तिच्याच हाताने, हवं तर मोठी पाटी लावू.

"पुढच्या वर्षीही करता येणार नाही, बाबा."

"का?"

तिने सांगितलं. कायद्यात तसं बसत नाही. आपण केलेली घाण आपण काढणं हे धंद्याचंच काम, ते समाजकार्यात धरत नाहीत. तो खर्च वेगळा, आणि दोन टक्के वेगळे.

श्रीहरीने भाकरी चावणं थांबवलं. "म्हणजे दुसऱ्याची घाण काढली तर ते सामाजिक, आणि आपली काढली तर ती नुसती घाण."

"हो."

"कायदा कुणी केलाय हा?"

"शहाण्या माणसाने," श्यामला पलीकडून म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं. ती भावाच्या बाजूने बोलायला आली होती. सकाळपासून ती या गोष्टीकडे एक वाक्य म्हणून पाहत होती. विहीर म्हणून तिने आत्ता पाहिली.

"अक्का, तू कुणाची वकील?"

"कंपनीची," ती म्हणाली. "म्हणून तर विचारते. वाळू आपलीच आहे का नाही?"

श्रीहरी पाणी प्यायला. ते बाटलीतलं होतं. तो म्हणाला, की हा विषय आजच्या सभेत नाही. मग त्याने चौथ्या खुर्चीमागून पाचव्या खुर्चीमागे जायला सुरुवात केली आणि वेदश्रीला कळलं, की खणातल्या कागदाची गोष्ट त्याने बहिणीलाही सांगितलेली नाही.

---

वेणूबाईंनी डबे पुसून पिशवीत भरले. त्यांचं या भांडणाकडे लक्ष नाही असं सगळ्यांना वाटत होतं, आणि बावन्न वर्षांच्या संसारात हा गैरसमज त्यांनी फार काळजीपूर्वक जपला होता.

त्या गदगच्या. त्यांच्या माहेरी कन्नडशिवाय दुसरी भाषा नव्हती. लग्न होऊन धारवाडला आल्या तेव्हा त्या मराठी शिकल्या, सहा महिन्यांत, भांडण्यापुरती आणि नंतर प्रेमापुरती. पण नवऱ्याने त्यांना कन्नडही शिकवलं. म्हणजे त्यांच्या आईची भाषा तो त्यांना शिकवत असे. त्या 'आहे'ला म्हणायच्या 'ऐति', तो म्हणायचा, 'इदे' म्हण, पुस्तकात तसं आहे. त्या माहेरी पत्र लिहायच्या आणि तो पाकिटात घालण्याआधी ऱ्हस्वदीर्घ तपासायचा. आईचं उत्तर यायचं, की तुझं कन्नड फार परक्यासारखं झालंय, बरी आहेस ना?

पाटीची ओळ त्याने सर्वांत आधी त्यांनाच ऐकवली होती. ऐकताच त्यांना कळलं होतं. सांगणार होत्या. पण त्याने विचारलं, "कसं आहे?" आणि त्यांनी बावन्न वर्षांच्या सवयीने सांगितलं, "छान." चुकलं ते तिथे, त्यांना वाटत होतं. पाटी त्याची, पण पहिली सही आपलीच.

आता त्यांनी नातीचं ताट उचललं आणि देठांची ओळ पाहिली. मग तिच्या पिशवीतून वर आलेला कागदाचा कोपरा पाहिला. वाचला नाही. वाचायची गरज नव्हती. ज्या पोरीला एण्णेगाई जात नाही तिच्या पिशवीत काय असणार.

त्या हात पुसत अण्णांच्या शेजारी येऊन बसल्या.

"सही करून टाका," त्या म्हणाल्या.

श्रीहरीने कृतज्ञतेने आईकडे पाहिलं. वेदश्रीने मान वर केली.

"काय वाईट लिहिलंय त्यात? अल्प तर अल्प. तुमचं कन्नड कच्चं आहे, हे मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. आमच्या घरी सगळे हसायचे. मी तुम्हाला बोलले नाही, इतकंच."

सभागृहात पंखा फिरत होता. तो आतापर्यंतही फिरतच होता, पण ऐकू आत्ता आला.

"कोण हसायचं?" अण्णांनी विचारलं.

"सगळेच. माझा भाऊ कृष्णा तर तुमची नक्कल करायचा. पुस्तकातलं बोलतात म्हणायचा, म्हैस हाकायलाही संधी-समास लागतो म्हणायचा. जाऊ द्या. आता वय झालं. लिहून द्या, की येत नाही. लोक म्हाताऱ्या माणसाला माफ करतात."

श्यामलाने आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक सरळ करत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, आणि इतकं काहीही नसलेला चेहरा श्यामलाने फक्त एकदा, हायकोर्टात, फार ज्येष्ठ वकिलाचा पाहिला होता. ती जे समजायचं ते समजली. अशा वेळी वकिलाने संचालक मंडळाला सावध करायचं असतं. तिने उठून पंखा वाढवला.

"कागद इकडे आण," अण्णा म्हणाले.

त्यांनी खिशातून पेन काढलं. श्रीहरीने टेबलाला फेरी मारणं थांबवून त्यांच्या कोपराशी येऊन कागद धरला, हलू नये म्हणून.

अण्णांनी कागद वाचला. ते नेहमीसारखेच वाचत होते, आधी डोळ्यांनी आणि मग पेनच्या टोकाने. एका जागी अनुस्वार राहिला होता तो दिला. एका जागी जोडाक्षर फोडलं. मग ते 'अल्पज्ञानदिंद' या शब्दापाशी आले. 'अल्प' वर त्यांनी आडवी रेघ मारली, सरळ, पट्टी लावल्यासारखी, आणि वर लिहिलं, 'पूर्ण'. पुढे 'तप्पागि', म्हणजे चुकीचं, हा शब्द होता. तो खोडून त्यांनी 'सरियागि' लिहिलं, म्हणजे बरोबर. शेवटची ओळ, कसलीही जबाबदारी काढू नये ही, त्यांनी पूर्ण वाचली, तिच्यात व्याकरणाची चूक नाही याची खात्री केली, आणि मग अर्थाला जुळत नाही म्हणून सगळीच खोडली. खाली सही केली. तारीख घातली.

श्रीहरी कागद धरून उभा होता. आता कागदावर असं होतं, की निंबिहाळच्या पाण्याला हुदलीकर कंपनीच जबाबदार आहे, हे वाक्य मी कन्नडच्या पूर्ण ज्ञानाने बरोबर लिहिलं आहे. कंपनीच्या शिक्क्यासकट.

"अण्णा, हे काय केलंत?"

"दुरुस्ती," अण्णा म्हणाले.

त्याने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. दोघीही छताकडे पाहत होत्या. तो म्हणाला, की हा कागद फाडायचा, दुसरा टाइप करायचा, अजून वेळ आहे. श्यामला म्हणाली, की रविवार आहे, टायपिस्ट सुट्टीवर आहे. त्यावर श्रीहरी म्हणाला, की तो स्वतः टाइप करेल. श्यामलाने विचारलं, कन्नडमध्ये? तेवढ्यात गेटवरून फोन आला. यमुनाबाई पाऊण तास आधीच पोचल्या होत्या. बस मिळाली लवकर, एवढंच कारण.

---

यमुनाबाई गावडे एकट्याच आल्या. मोर्चा येईल म्हणून श्रीहरीने गेटवर दोन जास्तीचे पहारेकरी ठेवले होते. त्यांतल्या एकाने त्यांची छत्री धरली होती.

त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, वेणूबाईंच्या पाया पडल्या, आणि अण्णांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत म्हणाल्या, की त्या भांडायला आलेल्या नाहीत. पाटी वाचून गावाला बरं वाटलं. तीन वर्षं त्या कचेऱ्यांतून फिरल्या, प्रत्येकाने सांगितलं, खडकाचा गुण आहे. कुणीतरी पहिल्यांदा लिहून दिलं. पण धारवाडात लोक म्हणतात, हुदलीकर म्हणे ती चूक होती म्हणणार. खरं की काय, ते विचारायला आल्या.

अण्णांनी श्रीहरीच्या हातातून कागद काढून घेतला. श्रीहरीने सोडायला किंचित वेळ लावला, तेवढाच. यमुनाबाईंनी वाचला. खोडलेलं वाचलं आणि वर लिहिलेलं वाचलं. त्यांना वेळ लागला, कारण त्या दोन्ही वाचत होत्या. घडी घालून त्यांनी तो कमरेच्या पिशवीत ठेवला. श्यामला पाहत राहिली. आपल्या देखत अशा कागदाची घडी पडू देणारी ती धारवाडमधली पहिलीच वकील असावी.

"अण्णा, वाक्य भारी हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "पन एक सांगते. तुमचं यंत्र मान्सांचं झालं. आमच्यात अडीचशे म्हशी हायत. म्हैस दिसाला चार घागरी पिती. ती विहिरीचं पानी हुंगती आनि तोंड फिरवती. नानं टाकून म्हशीला कसं पाजायचं? निम्म्यांनी इकून टाकल्या. इकताना म्हैस हंबरती, बघा. तिला वाटतं तिचं काय तरी चुकलं."

यमुनाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"म्हनून इचारते. वाळू तुमचीच ना?"

अण्णांना हे नक्की ठाऊक नव्हतं. खाण त्यांच्या काळानंतरची, खणातला अहवाल त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि कारखान्याबद्दल हल्ली त्यांना जे सांगितलं जायचं ते आडव्या फोटोतलं असायचं. पाटी लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे गावाचं पाणी नव्हतं, मात्रा होत्या. ते उत्तर द्यायला वळले आणि त्यांच्या लक्षात आलं, की उत्तर आपल्याकडे नाही. त्यांनी टेबलाभोवती पाहिलं. नात खाली पाहत होती. तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला होता, आजोबांपुढे नाही, यमुनाबाईंपुढेही नाही, बापाच्या रिकाम्या खुर्चीपुढे. त्यावर तिचा तळहात होता. तो अजून उचललेला नव्हता.

"श्रीहरी," अण्णा म्हणाले, "वाक्य बरोबर आहे ना?"

श्रीहरीला वाटलं, ते व्याकरणाचं विचारतायत. मग वाटलं, नाही. त्याने वडिलांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला. चेहरा निबंध तपासायला दिलेल्या मुलासारखा होता. इतकी वर्षं ह्या माणसाला कन्नडबद्दल कुणी खरं सांगितलं नव्हतं, आणि कारखान्याबद्दल श्रीहरीने स्वतः. दोन्ही मिळून एकच प्रश्न आला होता, आणि 'नाही' म्हटलं तर दोन्ही संपत होतं: पाटी उतरत होती, भट्टीचा पाया वाचत होता, म्हातारा कायमचा चूक ठरत होता. वेदश्रीचा हात कागदावर होता. तिने तो उचलला असता तर त्याला राग आला असता, आणि रागावर माणूस काहीही बोलू शकतो. ती उचलत नव्हती.

"बरोबर आहे, अण्णा," तो म्हणाला.

"'ये' सुद्धा?"

"'ये' सुद्धा. आपलीच आहे."

यमुनाबाई चहा घेणार का, असं वेणूबाईंनी विचारलं. त्या म्हणाल्या, आता घेईन.

श्रीहरीने फोन काढला आणि गोविंदला लावला. खाणीकडे वाळू नेणारा टिपर गोविंदचा. आठ वर्षांत त्याने कधी प्रश्न विचारला नव्हता. आज विचारू लागला. उद्यापासून गाड्या लागतील, हे त्याला कळलं. किती लागतील, सगळ्या, हेही कळलं. पुढचं कळेना.

"नाही रे. इथून न्यायची नाही. तिथून आणायची," श्रीहरी सांगत होता. "खाणीतून. हो, निंबिहाळच्या. आपली वाळू. रिकामी गाडी तिकडे जाणार, भरलेली इकडे येणार."

पलीकडून गोविंदने सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, की साहेबांची तब्येत बरी आहे ना, आणि शेजारी दुसरं कोणी असेल तर फोन द्या.

श्रीहरीने फोन वेदश्रीला दिला.